आडव्या बाटलीला तीसेक मतं कमी

तहसील कार्यालयात अव्वल कारकून असल्याने निवडणुकीचं काम अंगवळणी पडलंय. विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सगळीकडे केंद्राध्यक्ष म्हणून बसलोय. पण मतपत्रिकेवर ना माणूस ना पक्ष, नुसत्या दोन बाटल्या, असं मतदान त्या जानेवारीत पहिल्यांदाच घेतलं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. मतदार फक्त बायका.

गाव बीड जिल्ह्यातलं, नाव सांगत नाही. देशी दारूचं परवानाधारक दुकान एसटी थांब्यापासून हाकेच्या अंतरावर. 2008 च्या नियमाप्रमाणे गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की राज्य उत्पादन शुल्कचे लोक येऊन एकेक सही पडताळतात आणि मग जिल्हाधिकारी मतदानाची तारीख लावतात. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात. ही निम्मी मतं झालेल्या मतदानाची नव्हेत, यादीत नाव असलेल्या एकूण बायकांची. सगळी गोम इथेच आहे.

सह्या झाल्या पोळ्याच्या सुमारास, सगळं गाव घरी असताना. बायकांनी चार दिवसांत कागद भरले. पुढे पडताळणी, अहवाल, फाईल वर, फाईल खाली. दसरा गेला, दिवाळी गेली. मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते ट्रकात बसून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला गेले. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. तारीख आली जानेवारीची, तेव्हा काही वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि शेळ्याच उरल्या होत्या. तारीख मुद्दाम तशी लावली असं मी म्हणणार नाही. सरकारी फाईलला ऊस कळत नाही, एवढंच.

शाळेच्या खोलीत केंद्र लावलं. आठ वाजायच्या आधीच रांग. आमदारकीला बायका नवऱ्याच्या मागोमाग येतात, इथे पुरुष शाळेच्या फाटकाबाहेर चिंचेखाली आणि बायका पुढे, हे चित्र मी तरी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. एक आजी शिक्का हातात घेऊन मोठ्याने विचारायला लागल्या, ‘‘सायेब, निजलेल्या बाटलीवर मारायचा ना?’’ मी म्हटलं, ‘‘मावशी, तुम्हाला वाटेल त्या बाटलीवर मारा, पण मला सांगू नका.’’ त्या म्हणाल्या, ‘‘आता सांगून झालं की!’’ रांगेत हशा पिकला, पोलिसालाही हसू आवरेना.

दुकानवाल्याच्या बाजूने प्रचार असा काही दिसला नाही. त्याला गरजही नव्हती. उभ्या बाटलीला मतं मिळवण्यापेक्षा बायकांना घरी ठेवणं सोपं. नेमकी त्याच दिवशी तुळजापूरला फुकट देवदर्शनाची गाडी निघाली होती. कुणी काढली, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि लेखी द्यायला कुणीच तयार नव्हतं. ग्रामपंचायतीच्या मतदानाला ऊसतोडवाल्यांना आणायला पुढारी जीप पाठवतात. इथे जीप कोण पाठवणार? तरी बारामतीकडून पाच-सहा जणी आपल्या पैशाने रातोरात आल्या होत्या. खाडा झाला म्हणून मुकादम पैसे कापणार, हे माहीत असून आल्या. बोटाला शाई लावून दुपारच्या एसटीने परत गेल्या.

पाचनंतर तिथेच मोजणी. पेटी उपडी केली. आडवी, आडवी, आडवी. उभ्या बाटलीचा गठ्ठा पन्नासाचाही झाला नाही. बाहेर हलगी आणून ठेवली होती, खिडकीतून डोकावणाऱ्या पोरांनी ती वाजवायलाही सुरुवात केली. मी बेरीज दोनदा केली. यादीच्या निम्म्यावर जायला आडव्या बाटलीला तीसेक मतं कमी पडत होती. म्हणजे दुकान चालू.

निकाल वाचून दाखवायचं काम माझं. वाचला. हलगी थांबली. पुढे बसलेल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, ‘‘जास्त मतं कुणाला पडली?’’

‘‘आडव्या बाटलीला.’’

‘‘मग हरलं कोण?’’

मी नियम समजावला. मत न देणारी प्रत्येक बाई हिशेबात उभ्या बाटलीच्याच पारड्यात जाते, हेही सांगितलं. त्या यादी मागायला लागल्या. यादी काही गुप्त नसते, दिली. दोघी-तिघी शिकलेल्या मुली नावं वाचू लागल्या. लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकी. पुण्याला कायमच्या गेलेल्या. आणि मयत. एकीने बोट ठेवलं, ‘‘ही माझी सासू. मरून चार वरसं झाली. दारूपायी तिनं जन्मभर मार खाल्ला, आन् आता ती बी दुकानाकडून?’’

याला उत्तर नियमात नव्हतं. मी पंचनाम्यावर सह्या घेतल्या, पेटीला सील केलं.

माझं मत विचाराल तर निम्म्याची अट चूक नाही. परवाना कायदेशीर असतो, त्याची फी भरलेली असते, मूठभर लोकांच्या मर्जीवर तो जाऊ नये. पण निम्मी कशाची, हे ठरवणारी यादीच कुजकी असेल तर अट प्रामाणिक राहत नाही. आमदार निवडताना मेलेलं नाव यादीत राहिलं तर मत मोजताना फरक पडत नाही, इथे ते थेट एका बाजूला जाऊन बसतं.

पुढच्या आठवड्यात त्याच बायका तहसीलला हजर. निवेदन नाही, घोषणा नाहीत. निवडणूक शाखेत जाऊन नाव वगळण्याचे नमुना 7 चे अर्ज मागितले, सोबत मृत्यूचे दाखले पिशवीत भरून आणलेले. सासूचा दाखला सगळ्यात वर होता. सासरी गेलेल्या लेकींना फोन करून तिकडे नाव नोंदवायला सांगितलं होतं. ऊसतोडीच्या बायकांची नावं मात्र वगळायची नव्हती, ती तर त्यांची हक्काची मतं. पुढच्या सह्या अशा बेताने करायच्या की मतदान पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, कोयते घरी असताना येईल, असं त्यांचं ठरलं होतं. फाईलला किती महिने लागतात ते त्यांनी मलाच विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.