फॉरमॅटच्या कागदावर मी सही केली नाही

संगणक सुरू होत नाही म्हटलं की समोरचा माणूस सीपीयूचा एक स्क्रूही न काढता ‘हार्ड डिस्क गेली’ म्हणून मोकळा होतो. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं कोल्हापुरात डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे अहवाल. संगणक जुना, विंडोज ७ चा, त्यावर पानं जुळवायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं श्रीलिपी. नवीन का घेत नाही, असं सगळे विचारतात. श्रीलिपीत केलेली जुनी कामं युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) नाहीत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. म्हणजे नुसत्या फाइली वाचवून भागत नाही, तो जुळवलेला संगणक जसाच्या तसा हवा असतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दुकानाचा मेन स्विच बंद करून गावी गेलो. परत येऊन संगणक लावला तर पंखा फिरतोय, मदरबोर्डच्या कंपनीचं चित्र येतंय आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, म्हणजे सुरू व्हायला योग्य डिस्क सापडत नाही. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणजे पत्रिकांची रांग लागायची वेळ. केबल काढून घट्ट बसवून पाहिली, फरक पडला नाही. मग सीपीयू रिक्षात घालून दुरुस्तीच्या दुकानात नेला.

खरं अडलं ते इथे.

काउंटरवरच्या मुलाने वायर लावली, तीच ओळ बघितली आणि म्हणाला, ‘‘ताई, हार्ड डिस्क गेली. नवीन टाकावी लागेल. आतला डेटा पाहिजे असेल तर रिकव्हरीला बाहेर पाठवायला लागेल, त्याचा खर्च वेगळा.’’ मी विचारलं, ‘‘दादा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावून बघितली का?’’ तर म्हणे, आमचे मुख्य टेक्निशियन बघतील, ठेवून जा. ठेवून आले. दुसऱ्या दिवशी फोन केला तर ‘अजून टेबलावर घेतला नाही’. त्यानंतरही तेच. इकडे एक काका मुलीच्या पत्रिकेच्या प्रूफसाठी दोनदा येऊन गेले. त्यांना काय सांगणार?

शेवटी दुकानात जाऊन बसले. तेव्हा कळलं की कोणीतरी बूटचा क्रम (आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो) बदललाय आणि आता विंडोजचं चित्र येतंय. पण चित्र येतं, क्षणभर निळा पडदा चमकतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, असं चक्र चाललेलं. निदानही बदललं होतं. ‘‘विंडोज करप्ट आहे, फॉरमॅट मारावा लागेल. इथे सही करा.’’ फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसणं.

तो कागद माझ्या डोळ्यांसमोर आहे. पिवळसर जॉब शीट, वर मशीनचा नंबर, ‘तक्रार’ या रकान्यात ‘नॉट स्टार्टिंग’ एवढंच, आणि खाली बारीक अक्षरांत छापलेलं की डेटा गेल्यास दुकान जबाबदार नाही. ‘तपासणीत काय आढळलं’ हा रकाना कोरा. मी म्हटलं, आधी हा रकाना भरा, मग सही करते. काय तपासलं, कशाने तपासलं, डिस्क खराब आहे की नाही, एवढं लिहा. तो म्हणाला, तसं कोणी लिहून मागत नाही. मी म्हटलं, मी मागते आहे. मग मुख्य टेक्निशियन बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्हाला एवढं कळतंय तर आमच्याकडे कशाला आणलंत?’’

मला त्यातलं फार कळत नव्हतं. पण एक गोष्ट कोणालाही कळेल. विंडोजचं चित्र हार्ड डिस्कवरूनच वाचलं जातं. डिस्क मेलेली असती तर ते पडद्यावर आलंच नसतं. मग आधीचं निदान कशाच्या जोरावर केलं होतं? याचं उत्तर मिळालं नाही. चेकिंग चार्जचे ३५० रुपये मात्र घेतले. मी पावती मागून घेतली, सही केली नाही आणि सीपीयू घरी आणला.

तुमच्यावर ही वेळ आली तर सही करण्याआधी डिस्क एकदा तरी तपासून घ्या. दुसऱ्या संगणकावर रूफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाकायचं (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, रिकामा घ्या) आणि बंद पडलेलं मशीन त्यावरून सुरू करायचं. इन्स्टॉल करू नका, ‘ट्राय’ निवडा. मी तेच केलं. उबुंटूतल्या ‘डिस्क्स’मध्ये स्मार्टची माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, उघडली. रिअलोकेटेड (खराब म्हणून बाजूला काढलेले) सेक्टर शून्य, पेंडिंग (संशयित) सेक्टर शून्य. डिस्क ठणठणीत. सगळ्या फाइली दिसत होत्या, त्या आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. ते झाल्यावर मी त्या दिवसांत पहिल्यांदा नीट जेवले.

मात्र डिस्क टक-टक आवाज करत असेल तर हे काही करू नका, लगेच बंद करा. तशी डिस्क पुन्हा पुन्हा सुरू केल्याने उरलेलंही जातं. तिथे रिकव्हरीवाल्यालाच गाठावं लागतं.

मग डिलीट बटण दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, गेले. तिथे तारीख होती २००९ सालची. ही तारीख बघितल्यावर गुंता सुटला. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो, रुपयाच्या नाण्यासारखा. मशीन प्लगला असेपर्यंत त्याच्यावर भार पडत नाही. मेन स्विच बंद केला की घड्याळ आणि सेटिंग तो एकटा सांभाळतो. आमचा सेल दिवाळीच्या सुट्टीत संपला आणि बायॉस कारखान्यातून आला तसा झाला. आमच्या मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. बूटचा क्रम बदलून विंडोज नसलेली डिस्क पहिली आली, म्हणून तो काळा पडदा. तेवढं दुकानाने दुरुस्त केलं आणि तिथेच थांबले. प्लग काढून घरी आणताना तो क्रमही पुन्हा गेला होता, तो मी परत लावला.

निळा पडदा इतका झटकन जायचा की वाचता येत नव्हता. सुरू होताना एफ ८ दाबत राहिलं की विंडोज ७ मध्ये एक यादी येते. तिच्यात आपोआप रीस्टार्ट बंद करायचा पर्याय आहे. तो निवडल्यावर पडदा थांबला आणि शेवटी ७बी असलेला आकडा दिसला. त्याचा अर्थ, विंडोजला ज्या डिस्कवरून सुरू व्हायचंय तिथे पोचता येत नाही. आमचं मशीन जोडणाऱ्याने साटाचं सेटिंग (डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं ते) आयडीई या जुन्या पद्धतीवर ठेवून विंडोज टाकलं होतं आणि बायॉसचं मूळ सेटिंग होतं एएचसीआय, ही नवी पद्धत. विंडोज ७ इन्स्टॉल होताना न लागणारे ड्रायव्हर (त्या त्या पद्धतीने बोलणारे छोटे प्रोग्राम) बंद करून ठेवतं, त्यामुळे हे सेटिंग बदललं की ते डिस्कपर्यंत पोचतच नाही. आयडीई केलं, एफ १० दाबून सेव्ह केलं आणि विंडोज उघडलं. श्रीलिपी, पेजमेकर, डेस्कटॉपवर काकांची पत्रिका, सगळं जागच्या जागी! मी मोठ्याने ओरडले, शेजारच्या झेरॉक्सवाल्या वहिनी धावत आल्या.

सेल पन्नास रुपयांच्या आत मिळाला, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे. प्लग काढूनच बदला आणि बदलण्याआधी बायॉसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कारण सेल काढला की सेटिंग पुन्हा जातात. नव्या मशीनमध्ये साटाच्या जोडीने यूईएफआय आणि लेगसी (सुरू होण्याची नवी आणि जुनी पद्धत) असंही सेटिंग असतं. तेही उलटसुलट झालं तर विंडोज सुरू होत नाही, त्याचाही फोटो हवा. विंडोज १०, ११ च्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर बायॉसला हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर सुरू होताना तीच मागितली जाऊ शकते.

संगणकाचं घड्याळ मागे पडायला लागलं किंवा तारखेमुळे वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणायला लागल्या, तर सेल तेव्हाच बदला. आणि दुकानात नेण्याआधी लावलेले सगळे पेनड्राइव्ह, बाहेरच्या डिस्क काढून एकदा सुरू करून बघा. बायॉस कधी कधी त्यांच्यावरूनच सुरू व्हायला जातं आणि पडद्यावर ‘रीबूट अँड सिलेक्ट’वाली तीच ओळ येते.