माया मूर थकली होती

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

काल रात्री घरी यायला साडेबारा झाले, ओरडून ओरडून घसा बसलाय. लेक अजून झोपलीय, चहा झालाय, म्हणून शांतपणे लिहायला बसले. फ्रिजवर तिच्या बास्केटबॉल क्लबचा फॉल लीगचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मॅचेसचा, फॉर्म लावलाय तो उद्यापर्यंत भरून द्यायचाय, पण तो विषय नंतर, आधी कालचं लिहून काढते.

काल मिनियापोलिसच्या टार्गेट सेंटर स्टेडियममध्ये लिंक्सनी, म्हणजे डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या बायकांच्या बास्केटबॉल लीगमधल्या आमच्या मिनेसोटाच्या टीमने, त्यांची जुनी खेळाडू माया मूर हिचा २३ नंबर रिटायर केला, म्हणजे आता लिंक्सकडून तो नंबर परत कुणीच घालणार नाही. मॅच इंडियाना फीव्हरशी होती त्यामुळे त्यांच्या केटलिन क्लार्कचे फॅन्स पण भरपूर, लहान लहान मुली बावीस नंबरचे टी-शर्ट घालून आलेल्या. लिंक्स ९०-८० जिंकले आणि मग मॅचनंतर तो सोहळा. आधीच चार नंबर होते, लिंडसे व्हेलनचा १३, सीमोन ऑगस्टसचा ३३, रिबेका ब्रन्सनचा ३२ आणि सिल्व्हिया फाउल्सचा ३४. काल पाचवा. म्हणजे २०१७ च्या फायनलला सुरुवातीला कोर्टवर उतरणाऱ्या आमच्या पाचही जणींचे नंबर आता छताला टांगलेले आहेत. व्हेलन तर इथलीच, मिनेसोटातल्या हचिन्सनची. मी मान वर करून बघतच राहिले आणि एकदम रडू आलं, शेजारच्या अनोळखी बाईंनी टिश्यू दिला, त्याही रडतच होत्या.

आम्ही इथे आलो २०११ मध्ये, आणि माया पण त्याच वर्षी आली, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या नंबरला निवडलेली म्हणून. कनेक्टिकटला कॉलेजमध्ये चार वर्षांत १५० मॅच जिंकून आणि फक्त ४ हरून आलेली मुलगी. तेव्हा मला इथे कुणी ओळखीचं नव्हतं, बर्फ म्हणजे काय ते पहिल्यांदा कळत होतं, आणि टीव्हीवर ही एक मुलगी दिसायची जिचा जंप शॉट बघून मला नागपूरचं आमच्या शाळेचं सिमेंटचं कोर्ट आठवायचं. मी बारावीपर्यंत खेळले, जिल्ह्यापर्यंत गेले, मग आता अभ्यास बघ म्हटल्यावर थांबले. बाईने बास्केटबॉल खेळून पोट भरायचं ही गोष्ट मी कधी मनात सुद्धा आणली नव्हती. म्हणून माया मला नुसती आवडती खेळाडू नव्हती, ती सगळं करून दाखवत होती.

आणि केवढं केलं! पहिल्याच वर्षी चॅम्पियनशिप, मग २०१३, २०१५, २०१७. २०१४ ला एमव्हीपी, म्हणजे लीगमधली सगळ्यात मोलाची खेळाडू. लंडन आणि रिओ दोन्ही ऑलिम्पिकची सोनं. २०१५ च्या फायनलची तिसरी मॅच मला आजही जशीच्या तशी दिसते. स्कोअर ७७-७७, समोर फीव्हरच, घड्याळात १.७ सेकंद शिल्लक, बॉल तिच्या हातात आला, तिने समोरच्या डिफेन्डरला नुसत्या हुलकावणीने उडवलं, एक पाऊल घेतलं आणि बझर वाजता वाजता तीन पॉइंटची बास्केट. मी इकडे सोफ्यावर उभी राहून किंचाळले आणि लेक घाबरून रडायला लागली, पाच वर्षांची होती. मग २०१६ ला एका पॉइंटने हरलो, ७६-७७, शेवटच्या क्षणी समोरच्या टीमच्या ओगवुमिकेने चुकलेल्या शॉटचा बॉल घेऊन बास्केट केली, त्याबद्दल मला आजही लिहवत नाही. २०१७ ला त्याच लॉस एंजेलिस स्पार्क्सना हरवून परत मिळवलं. तेव्हा टार्गेट सेंटरचं काम चालू होतं म्हणून फायनल युनिव्हर्सिटीच्या जुन्या विल्यम्स अरीनात झाली, आम्ही तिघंही होतो, पाचवी मॅच, ८५-७६.

आणि मग २०१९ च्या फेब्रुवारीत बातमी आली की माया या सीझनला खेळणार नाहीये. २९ वर्षांची होती! दुखापत नाही, कुणाशी भांडण नाही. लेकीने पोस्टर काढून कपाटामागे टाकलं, आणि खरं सांगते, मला पण राग आला होता. आपलंच कुणीतरी न सांगता निघून गेल्यासारखं वाटलं.

पुढची गोष्ट आता सगळ्यांना माहितीय. जोनाथन आयर्न्स म्हणून एक माणूस मिझुरीत तुरुंगात होता, घरात शिरून गोळीबार केल्याच्या आरोपाखाली, तेव्हा तो १६ वर्षांचा होता आणि ५० वर्षांची शिक्षा झालेली. मायाचे नातेवाईक तुरुंगात सेवाकार्य करायचे त्यातून ओळख झालेली, ती त्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा १८ वर्षांची, कॉलेज सुरू व्हायच्या आधी. बोटांच्या ठशांचा एक रिपोर्ट बचाव पक्षाला दिलाच नव्हता, त्यावर २०२० च्या मार्चमध्ये कोर्टाने शिक्षा रद्द केली आणि १ जुलैला तो बाहेर आला. तो दारातून आला आणि माया गुडघ्यांवर बसली, तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिलाय. २३ वर्षं आत होता तो. मग दोघांनी लग्न केलं, २०२२ मध्ये मुलगा झाला, आणि २०२३ च्या जानेवारीत तिने रिटायर झाल्याचं जाहीर केलं.

त्याच्यासाठी तिने केलं ते फार मोठं आहे, त्यात मला काडीचीही शंका नाही. आणि ते अचानक आलेलं पण नव्हतं. २०१६ च्या जुलैत इथे जवळच फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसाने गोळी घातली, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, तेव्हा मॅचच्या आधी लिंक्सच्या मुली निषेध म्हणून काळे टी-शर्ट घालून उभ्या राहिल्या, कॅप्टन म्हणून माया बोलली, आणि बंदोबस्ताला आलेले चार ऑफ-ड्युटी पोलिस निघून गेले. त्या दिवसांत शहरात कसं वाटत होतं ते इथे राहिलेल्यांनाच कळेल.

पण काल गाडीत येताना लेक म्हणाली, आई तिने त्याच्यासाठी करिअर सोडलं ना? आणि मी एकदम जोरात नाही म्हणाले. मलाच आश्चर्य वाटलं किती जोरात म्हणाले त्याचं.

कारण सगळे ती गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात आणि त्यात एक गोष्ट कायम गाळतात, की ती थकली होती. तिने स्वतःच सांगितलं होतं की सगळ्याचा क्रम जरा बदलायचाय, माणसांना वेळ द्यायचाय. आणि तो सुटल्यावर सुद्धा ती विश्रांतीबद्दलच बोलली. कुणी ऐकलंच नाही ते.

मी लेकीला रस्ताभर तिचं कॅलेंडर सांगत आले. एप्रिल २०११ पर्यंत कॉलेज. लगेच लिंक्स, ऑक्टोबरपर्यंत, चॅम्पियनशिप. मग स्पेनला व्हॅलेन्सिया, तिथे युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, जिंकली. परत लिंक्स, मध्येच लंडन ऑलिम्पिक, परत लिंक्स. मग हिवाळ्यात चीन, शान्शीला, तिथे ओळीने तीन वर्षं चॅम्पियन. मग रशिया, येकातेरिनबर्ग, २०१८ ला परत युरोलीग. कुठे आहे यात सुट्टी? उन्हाळ्यात इकडे आणि हिवाळ्यात तिकडे, पुरुषांना सीझन संपला की चार महिने पाय लांब करून बसता येतं आणि बाईचा सीझन संपला की विमान.

आणि हे हौसेने नाही हो. २०१८ ला डब्ल्यूएनबीएत सगळ्यात जास्त पगार सुद्धा सव्वा लाख डॉलरच्या आतच होता, सगळ्यात जास्त! त्याच सीझनला पुरुषांच्या लीगमध्ये, एनबीएत, स्टेफ करीला तीन कोटी सत्तर लाखांच्या वर. म्हणून मुली रशिया, तुर्की, चीनला जायच्या, तिकडचे क्लब घरच्या लीगपेक्षा कितीतरी जास्त द्यायचे. लीगमधल्याच मोठ्या खेळाडू डायना टॉरासीने तर २०१५ चा अख्खा डब्ल्यूएनबीए सीझन सोडला कारण रशियाच्या क्लबने तिला विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. खेळण्यासाठी नाही, विश्रांतीसाठी! आणि लीगमधलीच खेळाडू ब्रिटनी ग्रायनर २०२२ ला मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली तेव्हा ती काय फिरायला गेलेली नव्हती, हिवाळ्याच्या कामाला निघाली होती.

लीग आणि खेळाडूंच्या २०२० च्या करारानंतर जास्तीत जास्त पगार २ लाख १५ हजार झाला आणि बऱ्याच गोष्टी सुधारल्या, पण तोपर्यंत माया खेळ सोडून गेली होती. आठ सीझन. सरासरी १८.४ पॉइंट. शेवटच्या वर्षी सुद्धा ऑलस्टारची, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मॅचची, एमव्हीपी तीच, आणि ती मॅच पण इथेच टार्गेट सेंटरला झाली, तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, म्हणजे ती आधी थकली आणि म्हणून तिला तो दिसला? मी म्हटलं दिसत तर तो तिला अकरा वर्षं होता. पण तुरुंगात जाऊन भेटायला, वकिलांशी बोलायला, फाइल वाचायला वेळ लागतो गं, आणि विमानात बसलेल्या माणसाकडे तो नसतो.

हे बोलताना मला जुलैतली गोष्ट आठवली. लेक म्हणाली होती आई मला सप्टेंबर-ऑक्टोबर क्लब नको, शाळेची टीम नोव्हेंबरला सुरू होईल तेव्हा खेळीन. आणि मी म्हटलं होतं, एवढं थांबलीस तर जागा जाईल, नववीत आहेस आता, बाकीच्या मुली वर्षभर खेळतात. तिने वाद घातला नाही. नुसती आत गेली आणि शूज आवरून ठेवले.

गाडीत तिने तो विषय काढला नाही. मीच गप्प बसले. पार्किंगमध्ये पोचल्यावर तिने २३ नंबरची जर्सी डोक्यावरून काढून घडी केली, कपाटामागचं पोस्टर अजून आहे का गं असं विचारलं, आणि मी म्हटलं आहे, मी फेकलं नव्हतं.

आत्ता तिच्या खोलीत हालचाल ऐकू येतेय. फ्रिजवरचा फॉर्म काढून इथे चहाच्या कपाखाली ठेवलाय, कोराच. ती आली की आधी तिला पोहे देते, मग विचारते तुला काय हवंय, आणि यावेळी ती जे म्हणेल ते लिहिते.