अक्षराआधी ठोकळा

धातूच्या चकत्यांवर नावं ठोकून पेंडंट करायला सुरुवात करणारे बहुतेक जण मला पहिला प्रश्न हाच विचारतात: अक्षरांच्या पंचांचा (टोकावर अक्षर असलेल्या पोलादी दांड्यांचा) सेट कुठला घेऊ? माझं उत्तर ऐकून त्यांचा हिरमोड होतो. सेट परवडेल तो घ्या, आधी ठोकळा घ्या. पोलादाचा, जाड, सपाट, गुळगुळीत. लाकडी फळीवर चकती ठेवून कितीही महागडा पंच मारलात तरी निम्मा घाव फळीच पिऊन टाकते. अक्षर उमटतं पुसट आणि चकती होते बशीसारखी खोलगट. ठोकळा टेबलाच्या मधोमध ठेवायचा नाही, पायाच्या बरोबर वर ठेवायचा. खाली पातळ रबर चालेल. मऊ, जाड काही घातलंत की सगळं उसळतं, आणि पंच उसळला की अक्षराला सावली पडते. एका ‘R’ शेजारी दुसरा पुसट ‘R’.

हातोडी मी पितळी डोक्याची वापरते, साधारण अर्ध्या किलोची. पितळ पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे ती पंचावरून कमी उसळते. घाव एकच, आणि अक्षर बघून. ‘M’ किंवा ‘W’ला लागतो तेवढा जोर ‘I’ला दिलात तर ते पातळ पत्र्यातून पलीकडे निघायला बघतं, कारण सगळा जोर एका रेघेवर एकवटतो. पूर्णविरामाला तर नुसती टिचकी पुरते. अक्षराचा पाया ज्या अंगाला येतो, पंचाच्या त्या अंगाला नेलपेंटचा ठिपका लावून ठेवा. ‘n’ आणि ‘u’, ‘6’ आणि ‘9’ यांवरून होणारे घोळ जागीच संपतात. ओळ सरळ यावी म्हणून चकतीवर मास्किंग टेप लावून पंच तिच्या कडेला टेकवायचा. नाव मधल्या अक्षरापासून दोन्ही बाजूंना ठोकत जायचं, म्हणजे शेवटचं अक्षर कडेवरून घसरत नाही.

हात बसेपर्यंत ॲल्युमिनियम बरं, ते सगळ्यात मऊ. मग तांबं, पितळ, ९२.५ टक्क्यांची चांदी. स्टेनलेस स्टीलवर साधे पंच मारू नका, पंचांचीच धार जाते. त्यासाठी जास्त कडक केलेले पंच मिळतात. पत्रा १ मिमीच्या आसपास असावा. अर्ध्या मिमीवर अक्षर मागच्या बाजूने फुगून दिसतं. तांबं ठोकून ठोकून ताठ होतं, ते मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवलं की पुन्हा मऊ. हा प्रयोग ॲल्युमिनियमवर नको. ते ६६० अंशांना वितळतं आणि लाल होऊन आधी इशाराही देत नाही.

इथपर्यंत रोमन लिपीचं झालं. खरी मजा मराठी नाव ठोकण्यात आहे. तयार सेट बहुतेक रोमनच मिळतात, म्हणून मी रेघ, अर्धगोल आणि ठिपका एवढ्या तीन आकारांवर भागवते. ‘नीता’ घ्या. चार उभ्या काठ्या, ‘न’ची गाठ म्हणजे एक ठिपका आणि छोटी आडवी रेघ, ‘त’चं पोट एक अर्धगोल, वेलांटी दुसरा. वेलांटी शिरोरेघेच्या वर बसते, तेव्हा नाव ज्यावर ठोकायचं त्या धातूच्या पट्टीच्या वरच्या अंगाला पुरेशी जागा आधीच सोडायची. (श्रद्धा, प्रज्ञा आणि ज्योत्स्ना यांची मी माफी मागते. त्यांच्यासाठी पंच खास करूनच घ्यावे लागतील.)

शिरोरेघ सगळ्यात शेवटी. रेघेचा पंच आधीच्या खुणेच्या टोकात अडकवायचा, तिथून पुढे सरकवायचा, ठोकायचं. एकसंध ओळ दिसते. पण घावाखाली धातू पसरतो, आणि शिरोरेघेमुळे पट्टीची वरची कड खालच्या कडेपेक्षा जास्त पसरते. मग पट्टीची दोन्ही टोकं खाली झुकतात आणि नाव कमान करून बसतं. पट्टी उलटी करून लाकडी हातोडीने थोपटली तर फक्त वर आलेला फुगवटा बसतो, ही कमान जात नाही. ती जाते खालच्या कडेलाही तेवढंच ठोकल्यावर. माझ्या पट्ट्यांवर खाली ठिपक्यांची ओळ असते ती त्यासाठी. लोकांना ती नक्षी वाटते, मीही काही बोलत नाही.

काळं भरण्याला लोक उगाच घाबरतात. काळ्या पर्मनंट मार्करने अक्षरं गिरवायची, मिनिटभराने स्पिरिटचं अगदी किंचित ओलं फडकं वरून फिरवायचं. शाई खोबणीत राहते, वरचं निघून जातं. मग ०००० नंबरची, म्हणजे अगदी बारीक स्टील वूल (पोलादी तारांचा घासायचा पुंजका) एकाच दिशेने. चांदी-तांब्याला लिव्हर ऑफ सल्फरने (धातू काळा करणाऱ्या गंधकाच्या रसायनाने) छान काळेपणा येतो, ॲल्युमिनियमवर त्याचा उपयोग नाही.

कडीचं भोक नाव ठोकून झाल्यावरच पाडा. आधी पाडलेल्या भोकाशेजारी अक्षर आलं की भोक लांबट होतं. कडं किंवा अंगठी करायची असेल तर सगळी अक्षरं पट्टी सपाट असतानाच मारून घ्या आणि वाकवताना लाकडी किंवा नायलॉनची हातोडी वापरा, पोलादी नको. तिचे घाव अक्षरांवर दिसतात.