गाड्या उभ्या केल्या की पगार वाढतो का?

कळंबोलीच्या पोलाद बाजाराजवळ एका ट्रान्सपोर्ट कचेरीत मी बावीस वर्षं ड्रायव्हरांचे हिशोब लिहिते. सोसायटीत एवढ्या भांडवलावर मी 'ट्रान्सपोर्टवाल्या ताई' झाले. पूर्वी लोक विचारायचे, गावी सामान पाठवायचंय, स्वस्तात गाडी मिळेल का. जानेवारी 2024 पासून प्रश्न बदलला. त्या 1 आणि 2 तारखेला ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर हलेनात आणि पंपांवर स्कूटरच्या रांगा लागल्या. त्या रांगेत उभा राहिलेला प्रत्येक जण मला कधी ना कधी विचारतो, "दोन दिवसांत देश हलवला या लोकांनी. मग पगारासाठी का नाही करत संप?"

तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

त्या दोन दिवसांत भांडण पगाराचं नव्हतंच. नव्या फौजदारी कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत, कलम 106 (2) आलं होतं. अपघातात माणूस मेला आणि चालक पोलिसांना न कळवता निघून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सात लाख दंडाचा आकडा कलमात नाही, पण तो धाब्याधाब्यावर पाठ होता. थांबलं तर जमाव मारणार, पळालं तर कायदा, असं ड्रायव्हर म्हणत होते. 2 तारखेच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी बोलणी केली, आणि 1 जुलैला संहिता लागू झाली ती ते पोटकलम बाजूला ठेवून. म्हणजे संप फळाला आला. पण बोलणी झाली कुणाशी? ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेसशी, म्हणजे वाहतूकदारांच्या, मालकांच्या संघटनेशी. स्टेअरिंग सोडलं एकाने, खुर्चीवर बसला दुसरा.

आणि तिथे निदान ठोठवायला एक दार होतं, दिल्लीतलं. पगाराचं दार कुठलं? आमच्या कचेरीतून रोज ज्या गाड्या भरतात, त्यातल्या बहुतेक एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या. त्यातले अर्धे काल-परवापर्यंत स्वतः स्टेअरिंगवर होते. गाडीचा हप्ता बँकेचा, भाडं ठरवणार माल पाठवणारी पार्टी, मध्ये दलाल, मध्ये आम्ही. 1961 चा मोटार वाहतूक कामगारांचा कायदा दिवसाला आठ तास म्हणायचा, पण तो पाच किंवा जास्त कामगार असतील तिथे. मग मालक एक गाडी स्वतःच्या नावावर घेतो, एक बायकोच्या, एक मेव्हण्याच्या. आठ तास हे शब्द आमच्या ड्रायव्हरांना सांगितले तर ते हसतील.

एका ट्रिपचा हिशोब दाखवते. आमचा एक ड्रायव्हर, आझमगडकडचा, पोलादाची कॉइल भरून हैदराबादला गेला. महिन्याचा पगार थोडा, खरी कमाई ट्रिपच्या भत्त्याची. निघताना खर्ची उचलली. परत आला तेव्हा रबर लावलेली वही माझ्या टेबलावर ठेवली, आत चिठ्ठ्या: पंक्चर, वजनकाटा, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे), आणि तीन ठिकाणी नुसतंच 'एन्ट्री'. ज्या ओळीला पावती नाही तिच्यावर मी लाल पेनाने काट मारायची, असा मालकांचा हुकूम आहे. रस्त्यावर हात पुढे करणारा पावती कशी देईल? मी काट मारते. तो गप्प बघतो. मग हळूच म्हणतो, "ताई, तीन दिन गाडी खाली नहीं हुई." गोदामाबाहेर तीन दिवस, गाडीखाली स्टोव्ह पेटवून. भत्ता ट्रिपचा असतो, दिवसांचा नव्हे. गाडी अडकवून ठेवल्याचे, म्हणजे हॉल्टिंगचे, पैसे भांडून मिळाले तरी ते मालकाच्या खात्यात.

म्हणजे गाडी उभी राहिली की ज्याच्या पोटाला चिमटा बसतो, त्यालाच तुम्ही सांगता, गाडी उभी कर.

जुलै 2018 मध्ये 20 ते 27 तारखेपर्यंत चक्का जाम झाला होता, आठ दिवस. मागण्या डिझेलचे भाव, टोल, थर्ड पार्टी विम्याचा हप्ता. सगळ्या खऱ्या होत्या, पण सगळ्या मालकांच्या. आमच्याकडच्या गाड्या कळंबोलीत रांगेत लागल्या, मालक घरी गेले, ड्रायव्हर गाडीतच राहिले, कारण गाडी सोडली तर डिझेल आणि स्टेपनी कोण राखणार? भर पावसात ताडपत्री बांधून खाली झोपले. भत्ता बंद, कारण ट्रिप नाही.

एसटीचं उदाहरण लोक लगेच देतात. बरोबर आहे. 2021 च्या नोव्हेंबरात संप ऐन भरात असताना दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांच्या मूळ पगारात 5,000 रुपये वाढ झाली. राज्य सरकारात विलीनीकरण मात्र मिळालं नाही, आणि शेवटी एप्रिल 2022 मध्ये कोर्टाच्या आदेशावर लोक कामावर आले. तरीही वाढ ती वाढ. पण तिथे मालक एक, आगार ठरलेलं, हजेरीपट एक. आमचा आझमगडवाला आणि त्याच्या शेजारच्या गाडीतला मदुराईवाला यांना एकमेकांची भाषासुद्धा येत नाही.

आता माझ्या घरातलं सांगते, कारण मला जे म्हणायचं आहे ते मी तिथेच शिकले. माझे बाबा ट्रक चालवायचे, मामा मस्जिद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे. दोघेही साताऱ्याकडून आलेले, दोघेही सातवी. लहानपणी आम्हाला वाटायचं बाबा मोठे, त्यांच्याकडे गाडी आहे! मामांच्या वेळी अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार उभे केले आणि 1969 मध्ये कायदा झाला. त्या कायद्याची गंमत अशी की हमालाचा मालक कोण हे शोधत बसायचंच नाही. ज्याचा माल, त्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, माथाडी मंडळात भरायची, मंडळ हमालाला पगार देणार, फंड, ग्रॅच्युइटी बघणार. मामा निवृत्त झाले तेव्हा फंडाचा चेक आला, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत घर होतं. बाबांना शेवटच्या मालकाने गाडी विकली त्या दिवशी एक पँटपीस दिला. ज्या ट्रकमध्ये मामा माल भरत, त्याच ट्रकवर बाबा बसत. (माथाडीच्या नावाखाली वाराई उकळणाऱ्या टोळ्याही आहेत आणि ती ड्रायव्हरच्याच वहीत चढते. मामांसमोर हे बोललं की ते चिडायचे.)

म्हणून मला वाटतं, संप करावा, पण ट्रकमालकाविरुद्ध करून उपयोग नाही. ज्याचा माल आहे त्याच्याकडे बोट दाखवावं लागेल. दक्षिण कोरियात असं केलं होतं. 2020 ते 2022 कंटेनर आणि सिमेंटच्या गाड्यांना किमान भाडं ठरवलं, त्याहून कमी दिलं तर दंड. ते चालू राहावं म्हणून ड्रायव्हरांनी 2022 मध्ये दोनदा गाड्या उभ्या केल्या, दुसऱ्यांदा सोळा दिवस. सरकारने कामावर परतण्याचा हुकूम काढला आणि वर्षाअखेर ती तरतूद संपली. तेव्हा हरले, पण मागणी योग्य जागी केली होती. जर्मनीत 2023 मध्ये ग्रेफेनहाउझेनच्या महामार्ग थांब्यावर जॉर्जिया-उझबेकिस्तानचे ड्रायव्हर एका पोलिश मालकाच्या गाड्या अडवून आठवडेच्या आठवडे बसले. मालक चिलखती गाडी आणि पहारेकरी घेऊन आला, पोलिसांनी त्यालाच धरलं. शेवटी सुमारे तीन लाख युरो मिळाले. थकलेला पगार होता तो, वाढ नव्हे. पण गाड्या एकाच मालकाच्या होत्या आणि काहींत माल भरलेला होता, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

माझ्या टेबलावरून पाहिलेली पगारवाढ मात्र संपाने आलेली नाही. छठला गावी गेलेले परत आले नाहीत की मालक फोनवर फोन करतात, "हजार जास्त देतो, ये." एक शाळेच्या बसवर लागला, एक दुबईला गेला, कुणाच्याही मुलाला या धंद्यात यायचं नाही. आमचे मालक रोज म्हणतात, ड्रायव्हर मिळत नाही. एसी केबिनही तशीच आली, ऑक्टोबर 2025 पासून नव्या मोठ्या ट्रकला सक्तीची. त्यासाठी ड्रायव्हरांना गाड्या उभ्या कराव्या लागल्या नाहीत.

2 जानेवारी 2024 ला दुपारी त्याच आझमगडवाल्याचा फोन आला होता. सोलापूरच्या अलीकडे धाब्यावर गाडी लावली होती, मागे-पुढे चाळीस गाड्या, आवाजात जोर होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "ताई, ये दो दिन का पैसा कटेगा क्या?" मी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, कायदा चुकीचाच आहे, पोरांनी बरोबर केलं. मग हजेरीचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी 1 आणि 2 तारखेच्या रकान्यात खाडा लिहिला.