चोपडा–शिरपूर: खड्डे संपले की सांभाळा

जळगावहून तोरणमाळला निघालो तर जो तो खड्ड्यांचीच धास्ती घालत होता. अहो, खड्ड्यात कुणाला झोप लागते? बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्याचा चोपड्यापुढचा तुकडा इतका हलवतो की जांभईसुद्धा पूर्ण देता येत नाही. घात होतो तो डांबर गुळगुळीत झाल्यावर. गिअर-ब्रेक करून आंबलेलं अंग सैल सुटतं. दोन्हीकडे केळीच्या बागा, सरळसोट रस्ता, दुपारचे अडीच आणि पोटात वरण-बट्टी!

गाडी मेहुणे चालवत होते. "गलंगी गेलं का हो?" तर म्हणाले, "येईल आता." गलंगी केव्हाच मागे पडलं होतं. तेवढ्यात डावं चाक साइडपट्टीवर उतरलं आणि खडी पत्र्यावर ताडताड वाजली. मागचं गाव गेलेलं आठवत नसेल तर लगेच गाडी बाजूला घ्या. साठच्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे ६५ मीटरच्या वर गाडी वाऱ्यावर. पुढे कापसाची बैलगाडी असली की संपलं.

काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं सगळं फुकट. चहाचा असर व्हायला अर्धा तास जातो, म्हणून चहा पिऊन लगेच १५-२० मिनिटं पडा. जास्त ताणून दिलीत तर डोकं जड होतं, मग उठल्या उठल्या स्टिअरिंग धरू नका.

आम्ही पडलो त्या ढाब्यावर निघताना मालक म्हणतो, "खाटना पैसा येगळा, भाऊ." शंभर रुपये! खाटेची नवार पार लोंबत होती, उशी नाही, वर माश्या. शुद्ध लूट. तरी द्या. उन्हाळ्यात बंद गाडीत झोपायचा विचारही करू नका.

भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हर रात्री कुठून आला ते आधी विचारा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात पाच तास कामानंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती; २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. कायदा कुठलाही असो, गाडीमालक विश्रांती आपणहून देईल या भरवशावर राहू नका.

तोरणमाळ छान. यशवंत तलाव, सीताखाई, गार हवा.

परत येताना शहाद्याहून सारंगखेडा–दोंडाईचा–धुळे धरा. लांब पडतं, पडू द्या. अंधारात त्या जुन्या रस्त्याला जाऊच नका: मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली हातभर अंतरावर आल्यावर दिसते. आणि शेवभाजी घरी पोचल्यावर खा.