आठ फुटी जाळीची छत्री: भंगारातून 83 अंश पूर्वेपर्यंत

केबलवाल्यांच्या गच्च्यांवरच्या जुन्या छत्र्या अजूनही भंगाराच्या भावात मिळतात. पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर ही शहरं 31 मार्च 2013 च्या मुदतीत डिजिटल झाली आणि गल्लीतल्या केबलवाल्याला सिग्नल फायबरवरून मिळायला लागला. तेव्हापासून त्याच्या छत्रीवर नुसता गंज चढतोय. ही नोंद अशाच एका 8 फुटी (244 सेंमी), अॅल्युमिनियमच्या जाळीच्या सी-बँड (4 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या उपग्रह-लहरींच्या) डिशची. डिश पुण्यातल्या गच्चीवर उभी राहिली आहे, 83 अंश पूर्वेवरच्या जीसॅट-30 उपग्रहाचा सिग्नल स्थिर आहे, 21 सेंमीचं (अवकाशातल्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरी ऐकण्याचं) काम बाकी आहे.

घेण्याआधी बघायचं ते एवढंच: फासळ्या सरळ आहेत का. जाळी फाटलेली चालते, बोल्ट सडलेले चालतात, एलएनबी (फोकसवरचा सिग्नल पकडून वाढवणारा डबा) तर नसलेलाच बरा. पण फासळी वाकली असेल तर सौदा सोडावा, कारण सगळा खेळ फासळीच्या वक्रतेवर आहे. हातोडीने ठोकून ती डोळ्याला सरळ दिसते, पॅराबोला होत नाही. 4 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 7.5 सेंमी. पृष्ठभागात सरासरी 3 मिमीची चूक राहिली तर साधारण 1.1 डीबी (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीचं माप) जातो, 2 मिमीवर आणली तर अर्धा डीबी. लोक महागडा एलएनबी घेऊन जेवढं कमावतात त्याहून जास्त इथे गमावतात.

सोडवताना प्रत्येक पाकळीवर आणि शेजारच्या फासळीवर ऑइल पेंटने क्रमांक टाकावा. जुन्या लोकल बनावटीत भोकं हाताने पाडलेली असतात. तिसरी पाकळी पाचवीच्या जागी बसत नाही, आणि जोर लावून बसवली की कड उचलते. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री तेल सोडावं. तरी हलला नाही तर ग्राइंडरने डोकं कापावं, पान्याने झटापट करू नये, त्यात फासळीच पिळवटते. परत लावताना जुना एकही बोल्ट वापरू नये. 8 मिमीचे स्टेनलेस बोल्ट, नायलॉक नट, आणि जिथे स्टेनलेस अॅल्युमिनियमला टेकतो तिथे नायलॉनचा वॉशर. दोन धातूंच्या जोडात पावसाचं पाणी बसलं की अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. जुनी भोकं मोठी झालेली दिसतात ती यानेच.

जाळीबद्दल एक घोटाळा वारंवार दिसतो. फाटलेल्या जागी खिडकीची मच्छरजाळी लावतात. हल्ली ती बहुतेक फायबरग्लासची असते, सिग्नल तिच्यातून आरपार जातो. एक्सपांडेड अॅल्युमिनियमची जाळीच हवी, भोक 5 मिमीच्या आत. तरंगलांबीच्या दहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे इथे साडेसात मिमीपेक्षा, मोठं भोक गळायला लागतं. (खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या डिशना 10 ते 20 मिमीची जाळी चालते, कारण त्यांना सी-बँड ऐकायचाच नाही.) तुकडा फासळीवर ताणून 3.2 मिमीच्या पॉप रिव्हेटने, दर 8-10 सेंमीला एक. रिव्हेट मधून कडेकडे मारत जावे. दोन्ही टोकं आधी पक्की केली तर मध्ये पोट सुटतं. रंग मॅट आणि पातळ. पातळ रंगाने सिग्नलला काही होत नाही, चकचकीत रंगाने मात्र ऊन फोकसवर गोळा होतं आणि एलएनबीचं प्लॅस्टिक वितळतं.

सगळ्या पाकळ्या बसेपर्यंत एकही नट आवळू नये. मग मध्यापासून बाहेर, समोरासमोरच्या जोड्यांनी. त्यानंतर दोरीची चाचणी: कडेपासून कडेपर्यंत दोन दोऱ्या काटकोनात ताणायच्या. मध्ये त्या जेमतेम टेकल्या पाहिजेत. फट दिसली तर वरची दोरी खाली घेऊन पुन्हा बघावं. दोन्ही वेळचं बघितल्याशिवाय कुठली कड उचलली आहे ते ठरवू नये. या डिशला फट 9 मिमी होती. एका फासळीच्या बुडाशी दोन वॉशर घातल्यावर 2 मिमीवर आली.

फोकस मोजायला त्याच दोऱ्यांपासून मध्यापर्यंतची खोली घ्यावी. व्यासाचा वर्ग भागिले सोळा पट खोली: खोली 40 सेंमी, म्हणजे 59536 भागिले 640, 93 सेंमी. फोकस आणि व्यासाचं गुणोत्तर 0.38, तेव्हा फीडची (एलएनबीच्या तोंडाशी सिग्नल गोळा करणाऱ्या नळीची) रिंग 0.38 च्या खुणेवर. फोकसबिंदू फीडच्या तोंडाच्या किंचित आत, अर्धा सेंमीभर, धरावा. जुनं फीड वापरणार असाल तर आत टॉर्च मारून बघा. कुंभारमाशी त्या नळीत मातीचं घर बांधते. पावसाळ्यात ती माती ओली झाली की सिग्नल बसतो आणि माणूस केबल बदलत राहतो.

पुण्याहून 83 अंश पूर्वेसाठी दिशा उत्तरेपासून 153 अंश, क्षितिजापासून उंची 66 अंश. होकायंत्रातला फरक इथे नगण्य आहे, पण होकायंत्र लोखंडी खांबापासून लांब धरावं. बीम (डिशला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा) साधारण 2.2 अंशांचा, त्यामुळे एका वेळी अर्धा अंशच हलवायचं. रिसीव्हरवर सिग्नलची क्वालिटी दिसली की एलएनबी फिरवून पाहायचा. ध्रुवीकरणाचा (लहरींच्या आडव्या-उभ्या दिशेचा) कल इथे 25 अंशांच्या आसपास येतो. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य उपग्रहाच्या मागून जातो. त्या मिनिटांत फीडची सावली बरोबर मध्यावर पडली तर बाकी मोजमाप न करताही नेम पक्का समजावा.

एवढं करूनही क्वालिटी नाचत असेल तर संशय मोबाईलच्या टॉवरवर घ्या. 2022 च्या लिलावात 3300 ते 3670 मेगाहर्ट्झ 5जी साठी गेले. जुने एलएनबी 3400 पासून ऐकतात आणि शेजारच्या टॉवरने गुदमरतात. फीड आणि एलएनबीच्या मध्ये 3700-4200 चा वेव्हगाइड फिल्टर लागतो. एलएनबीनंतर केबलमध्ये लावलेल्या फिल्टरचा उपयोग नाही, तोवर एलएनबीतला पहिला अॅम्प्लिफायर भरून गेलेला असतो.

खांबासाठी गच्चीच्या कोब्यात भोक पाडू नये, खालच्या घरात पाणी उतरतं. कॉलमच्या डोक्यावर काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यात बोल्ट. पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग 39 मीटर प्रतिसेकंद धरतात. त्यात भरीव 8 फुटी डिशवर अर्ध्या टनाच्या आसपास जोर येतो. जाळीवर कमी, तरी आडोशाची भिंत हा आधार नव्हे.

पुढचं काम हायड्रोजन रेषेचं, 1420.4 मेगाहर्ट्झ, म्हणजे सुरुवातीला म्हटलेलं 21 सेंमीचं. त्याचं फीड म्हणून साडेपंधरा सेंमी व्यासाचा पत्र्याचा डबा तयार आहे. बंद बुडापासून 8.8 सेंमीवर सव्वापाच सेंमीचा प्रोब (सिग्नल उचलणारी तार) बसेल. बीम 6 अंशांचा होईल, त्यामुळे नेमाची एवढी कटकट नाही. अॅम्प्लिफायर डब्यालाच चिकटवायचा आहे. खाली आणला तर केबलच सिग्नल खाते.