तुराट्या-पऱ्हाट्यांतली सोनपाखरं: यंदाची प्रगती

सोनपाखरं म्हणजे चकाकणारे भुंगे. ते कोणत्या झाडात वाढतात हे कळावं म्हणून मी वाळक्या काड्या बरण्यांत ठेवून त्यांतून भुंगे निघायची वाट बघतो. यंदा सगळ्या बरण्या तुराट्या आणि पऱ्हाट्यांनीच भरल्या आहेत. बाभळीवरचं मोठं हिरवं सोनपाखरू आपण दर पावसाळ्यात बघतो. ते पाला खातं बाभळीचा, पण त्याची अळी वाढते जमिनीत, मुळांवर. त्यामुळे भुंगा ज्या पानावर दिसला तेच त्याचं जन्मझाड, असं नोंदवू नये हे माझं ठाम मत आहे. काडीतून भुंगा बाहेर पडला, तरच ती नोंद पक्की.

तूर आणि कपाशी निवडली ती स्फेनॉप्टेरा या सोनपाखरांच्या एका गटासाठी. या गटातल्या भुंग्यांच्या अळ्या बुंध्यात, जमिनीलगत पोखरतात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. तुरीत मर रोगानंही झाड असंच वाळतं, म्हणून शेतातच एक-दोन खोडं उभी चिरून बघतो. मर असेल तर आत काळपट रेघा दिसतात; अळी असेल तर भुश्यानं गच्च भरलेला चपटा बोगदा. काल चिरलेल्या तुराटीत अळी सापडली. पिवळट-पांढरी, बिनपायाची, छातीशी एवढी रुंद की फणा काढलेला नागच जणू! खोड पोखरणाऱ्या दुसऱ्या, म्हणजे लांब मिशांच्या शिंगाड्या भुंग्यांची अळी सहसा इतकी चपटी नसते.

उरलेल्या काड्या मुळासकट घेतो, वरचं कापलेलं टोक मेणानं बंद करतो आणि बरणीच्या तोंडाला मलमल बांधतो. अधूनमधून मलमलीवर पाण्याचा हलका फवारा. फार कोरडं झालं तर अळी सुकते, फार ओलं झालं तर बुरशी धरते. पऱ्हाटीवरची वाळकी बोंडं मात्र शेतातच काढून टाका, नाहीतर घरी गुलाबी बोंडअळी येते.

तुरीच्या बरणीत पहिलं पाखरू निघालं! लंबगोल, स्वच्छ कडेचं भोक पाडून. वरून तांबूस काळं, पोटाकडून लखलखीत तांब्याचं. बोट लावताच पाय आखडून मेल्यासारखं पडलं. ही चकाकी कवचाच्या पातळ थरांतून उमटते, म्हणून सुकवलेल्या नमुन्यातही टिकते. जातीचं नाव तज्ज्ञांनी बघितल्यावरच लिहीन. दुसऱ्या बरणीत भुंग्याऐवजी बारीक परजीवी गांधीलमाश्या निघाल्या. त्याही जपून ठेवल्यात, कारण कोणत्या खोडातून आल्या ते माहीत आहे.

पुढचा प्रयोग बोरीच्या वाळक्या फांद्यांवर, अ‍ॅग्रिलस या सोनपाखरांच्या दुसऱ्या गटासाठी. रानं साफ करून काड्या पेटवण्याआधी ओळखीच्या शेतकऱ्यांकडून बुंध्याकडचे तुकडे मागून ठेवा. प्रत्येक तुकड्याला झाड, गाव आणि तारखेची चिठ्ठी तिथेच बांधा.